आईला बाकावरून उठवलं मी

"आडनाव काय रे तुझं?"

रक्त तपासायला आलेल्या बाईंचं बोट माझ्या हातात होतं. स्पिरिटचा बोळा फिरवून झाला होता, टोचायचंच बाकी. मी आडनाव सांगितलं. बोट झटकन मागे गेलं. त्यांनी ते पदराला पुसलं.

"डॉक्टर, याच्याकडून नको."

पनवेलच्या त्या खाजगी दवाखान्यात मी नवा लॅब टेक्निशियन. मुंबईच्या इस्पितळात बाटल्या धुताधुता काम शिकलो, परीक्षा दिली, तेव्हा कुठे ही खुर्ची मिळाली. वाटलं, डॉक्टर माझी बाजू घेतील. ते हसले.

"तू आत बस. बोट कंपाउंडर टोचेल, रक्ताची काचपट्टी तुझ्याकडे येईल."

म्हणजे यांचं मूत मी हाताळायचं, थुंकी मी हाताळायची. फक्त बोटाला माझा हात चालत नाही. वा रे सोवळं!

आणि मी? मुकाट आत जाऊन बसलो. मग दुसरा हुकूम आला. आमच्या वस्तीतली माणसं पुढच्या बाकावर नकोत. त्यांनी मागच्या दाराने मोरीपाशी यायचं आणि तिथे त्यांची बोटं मी टोचायची. तेही पाळलं. आपल्याच माणसांना मागे पिटाळताना माझा आवाज डॉक्टरांच्या वर चढायचा. नोकरी टिकवायची होती ना!

एका सकाळी आई आली. मिठागरावर राबणारी, अंगात हीव भरलेलं, गावाहून चालत आलेली. पोरगा इथे साहेब आहे म्हणून सरळ पुढच्या बाकावर टेकली. शेजारच्या बायका सरकल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "ए बाई, ऊठ. मागून ये."

बाई म्हणालो. जन्मदात्या आईला.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग भिंत धरून उठली, बाहेरून वळसा घालून मोरीपाशी आली. दात वाजत होते तिचे. मी तिचं बोट धरलं. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आये, चुकलो," मी पुटपुटलो.

"इथं मोरीत कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "तिकडं चार मानसं बसलीत. त्यांच्या फुडं बोललास ना? मग त्यांच्या फुडं सांग."

मी तिचा दंड धरला. आतल्या दाराने पुढे आणलं, त्याच बाकावर बसवलं.

"ही माझी आई. मघाशी मी हिला इथून उठवलं. झक मारली."

तिथेच बोट टोचलं. बाकीचा बाक रिकामा झाला. डॉक्टर लालेलाल. "उद्यापासून येऊ नकोस!"

"आजच जातो," म्हणालो. पण आधी आईची काचपट्टी रंगवली, नीट पाहिली. हिवताप होता. गोळ्या सरकारी दवाखान्यातून आणल्या.

घरी जाताना विचारलं, "आये, राग गेला ना?"

"नाय."

बरोबरच होतं तिचं. डॉक्टरांनी उठवलं असतं तर त्यांना चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. उठवलं मी. ती जीभ माझी होती.

तेव्हापासून कुठेही काम मागायला गेलो की आधी विचारतो, आमची माणसं बसतात कुठे? 'मागे' म्हणाले की चपला घालतो. त्यापायी कितीदा चूल थंड राहिली. राहू दे. आपल्याच माणसांना उठवून टिकवलेली भाकरी मी खाऊन बघितलीय. आता उपाशी मरेन, पण ती पुन्हा खाणार नाही.