पुढच्या सीटवरची ज्वारी

नवी गाडी घरी आली त्याच दिवशी मी वहीत तीन रकाने आखले: पहिली गाडी, दुसरी गाडी, नवी गाडी. तिन्ही छोट्याच. पहिलीच्या काचा हँडल फिरवून खाली घ्याव्या लागत. दुसरीचा एसी फक्त माझा डावा पाय गार करायचा. दोन्हींच्या सीट इतक्या खाली, की गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर आईला बाहेर काढायला दोन माणसं लागायची. एक ओढायला, एक ढकलायला. एकदा भर बाजारात हा प्रकार झाला आणि आईने गाडीत बसणंच सोडलं. दुधनीच्या मावशीला ती दोन वर्षं भेटली नव्हती. दोघी बहिणी रोज फोनवर भांडत, पण समोरासमोरची मजा त्यात नाही, अशी दोघींची तक्रार.

म्हणून ही उंच सीटची गाडी. आई दुधनीला पोचली तर गाडी पास, एवढा एकच निकष मी लाल पेनाने लिहिला.

पहिल्याच दिवशी आई पुढे बसली, जुन्या सवयीने दार धाडकन आपटलं आणि पदर सावरला. गाडी टिंग टिंग करू लागली.

"काय म्हणतीय ही?"

"पट्टा लाव म्हणते."

जुन्या गाड्यांत पोलीस दिसला की आई पट्टा नुसता छातीवर धरायची आणि चौक गेला की सोडायची. या गाडीला ते पटेना. टिंग टिंग चालूच. "मी काय पळून चाललेय व्हय बांधून ठिवायला?" म्हणत आई उतरली. स्वतःची स्वतः उतरली, हे मी लगेच नोंदवलं. पण परत बसेना.

रविवारी मी ठरवलं, आपण एकटंच जावं आणि मावशीसाठी घेतलेली ज्वारी पोचवून यावं. जुन्या डिक्यांत अख्खं पोतं मावायचं. नवीच्या डिकीत सीएनजीची टाकी, त्यामुळे अर्धं पोतंही बसेना. म्हणून पोतं पुढच्या सीटवर ठेवलं. टिंग टिंग. मी पोत्याला पट्टा लावला. गाडी गप्प.

आई फाटकात उभी राहून बघत होती.

"ज्वारीला पुढं बसवलंस?"

"तू येत नाहीस ना."

"आन् ती पट्टा लावून घेतीय?"

"काही बोलली नाही बाई."

आई आत गेली, नवं लुगडं नेसून आली आणि मागच्या सीटवर चढली. "पोतं एकटं कसं जाईल," एवढंच म्हणाली. टिंग सुरू व्हायच्या आत तिने खिडकीबाहेर बघत पट्टा ओढला आणि खटकन लावला. अक्कलकोटपर्यंत ती माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. पोत्याला मात्र दोनदा विचारलं, "ऊन लागतंय का रं?"

दुधनीत मावशी आरतीचं ताट घेऊन दारात तयारच. तिने बॉनेटला कुंकू लावलं, पुढचं दार उघडलं आणि थबकली.

"यारु इवरु?" मावशीला आश्चर्य वाटलं की ती कानडीत शिरते. "हे कोन पाव्हणं?"

"ज्वारी हाय," आई मागून म्हणाली.

"मग बांदलंय कशाला?"

"न्हाय तर गाडी वरडती."

मावशीने क्षणभर विचार केला आणि पोत्यालाही कुंकू लावून ओवाळलं. तोवर आई उतरून तिच्या पाठीशी उभी होती. मावशीने वळून आधी तिच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग तोंडाकडे. "कुणी वडून काडलं न्हाय?" तिने विचारलं आणि ताट माझ्या हातात कोंबून बहिणीला मिठी मारली. पुढच्या पाच मिनिटांत दोघी आमटीतल्या मिठावरून भांडत होत्या.

संध्याकाळी परत निघालो तेव्हा मावशीही आठ दिवसांसाठी सोबत आली. आई रिकाम्या झालेल्या पुढच्या सीटवर बसली आणि पट्टा लावला. आता मागच्या पट्ट्यासाठी टिंग टिंग सुरू झालं. मावशी दचकली.

"लाव की गं," आई मागे न बघता म्हणाली. "ज्वारीला कळतं, तुला न्हाय कळत?"