हार्ड डिस्क नसलेला कॉम्प्युटर

त्या कॉम्प्युटरची मला पहिल्याच दिवशी किळस आली.

अकोला जिल्ह्यात, तेल्हाऱ्याच्या पुढे एका गावात मुलींची शाळा होती. तिथे मी कंत्राटी शिक्षिका म्हणून लागले होते. मुलींना कॉम्प्युटर शिकवायचा, एवढंच काम. अख्ख्या शाळेत कॉम्प्युटर एकच आणि तोही संस्थेच्या सचिवांच्या खोलीत. संध्याकाळी सचिव आणि त्यांची मंडळी तिथे पत्ते खेळत बसायची. सकाळी मी खोली उघडली की सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या पन्न्या, टेबलाच्या पायाशी लाल पिचकाऱ्या आणि कीबोर्डवर वाळलेला चहा.

शेतीची ती वाईट वर्षं होती. पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी असायची आणि तिच्यामागून त्या गावात मदत वाटणाऱ्यांच्या गाड्या. आमची संस्थाही असे कार्यक्रम घ्यायची. हा कॉम्प्युटर अशाच कुठल्याशा मदतीतून शाळेला मिळालेला.

पहिल्या तासाला मुली खुर्चीभोवती गोळा झाल्या. मी बटण दाबलं, खूप वेळाने पडदा उजळला आणि मी काही करायच्या आत त्यावर नागड्या बायकांच्या चित्रांच्या खिडक्या उघडू लागल्या. एक बंद करावी तर दोन नवीन. शेवटी मी सरळ वायर उपटली. मुली जमिनीकडे बघत होत्या. एक जण उगाच खोकली.

सचिवांना सांगितलं तर ते हसले. "व्हायरस असते मॅडम, त्यात काय? चालू तं होते ना?"

आमच्या शाळेत हिंदी शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. तेल्हाऱ्याच्या जुन्या व्यापारी मुसलमान घरातल्या, वयाने माझ्याहून मोठ्या. मी वैतागून त्यांना म्हणाले, "त्या यंत्राला मला हातसुद्धा लावावासा वाटत नाही." त्या म्हणाल्या, "मग लावू नका. पण मुलींनी काहून शिकू नये?"

तेवढ्यावरून मी कामाला लागले. अकोल्याच्या एका सायबर कॅफेत बसून शोधता शोधता वाचलं, की लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काही हलक्या आवृत्त्या पेनड्राइव्हवरूनच चालू होतात. जुनं यंत्रही चालतं, व्हायरस असलेल्या आतल्या डिस्कला हात लावावा लागत नाही. ती फाइल उतरवायला सबंध दुपार गेली. मी ती पेनड्राइव्हवर टाकून आणली, यंत्राला लावली, तर पुन्हा त्याच खिडक्या. पुढच्या रविवारी परत अकोला. तेव्हा कळलं की फाइल नुसती कॉपी करून भागत नाही, एका छोट्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर नीट चढवावी लागते. शिवाय यंत्र सुरू होता होता डिलीटची कळ दाबून, त्याला आधी पेनड्राइव्ह बघायला सांगायचं.

आणि नेमकी डिलीटची कळ चहात चिकटलेली! हिंदीच्या मॅडमनी केसातली पिन काढून दिली. कळ उचकटली तर खालून मुंग्या निघाल्या. कुबट वास येत होता म्हणून कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकणही उघडलं. आत वाळून कडक झालेली पाल आणि झुरळांची अंडी. मॅडम ओकारी दाबत बाहेर पळाल्या. मी ओढणी नाकाला बांधून, ब्रशने सगळं कागदावर ओढून फेकलं.

त्या दिवशी ते चालू झालं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकत गेल्या. मला वाटलं, आता यंत्रच बिघडलं. मग एकदम स्वच्छ निळा पडदा आला, त्यावर मोजकी चित्रं. मराठी मात्र दिसेना, अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. तरी मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली.

तिथेच थांबायला हवं होतं. पण पडद्याच्या कोपऱ्यात आतल्या डिस्कचं चित्र होतं आणि मी ते उघडलं. एरवी न दिसणारे फोल्डर आता सगळे दिसत होते. घाणेरडी चित्रं तर होतीच. शेजारी संस्थेच्या मदतीच्या कार्यक्रमाचे फोटो. पाठीमागे मोठा फलक, मधे सचिव, त्यांच्या हातात शिलाई मशीन आणि पुढे एक बाई. पुढच्या फोटोत बाई वेगळी. त्याच्या पुढच्या फोटोत आणखी वेगळी. मशीन तेच, चाकाजवळ रंग उडालेलं.

एक छोटा व्हिडिओही होता. त्यातली बाई मी ओळखली. ती आमच्या शाळेत खिचडी शिजवायची, नवरा गेल्यापासून. व्हिडिओत कोणीतरी तिला सांगत होतं, "पदर घ्या डोक्यावर. अशा पाहू नका, खाली पाहा. थोडं रडल्यावानी करा." मागून कोणीतरी हसलं. तो आवाज सचिवांचा होता.

हिंदीच्या मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. "बंद करा," त्या म्हणाल्या. "बंद करा ते."

दुपारी मी स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेले. ती बाई पातेलं घासत होती. मी विचारलं, "तुम्हाला शिलाई मशीन मिळालं होतं ना?"

"कोणतं मशीन?" ती मान वर न करता म्हणाली. "ते तं फोटो काढला अन् टेम्पोत टाकलं परत."

"आपण मागू या का? मी बोलते."

"नको मॅडम. मले नाही पायजे ते. त्याच्यासाठी पुन्हा पदर घ्यायले लावतीन." आणि ती राखेने पातेलं घासत राहिली.

मी परत खोलीत आले. झाकण उघडलं, डिस्कच्या वायरी काढल्या, स्क्रू सोडवले आणि डिस्क बाहेर घेतली. यंत्र तिच्यावाचूनही पेनड्राइव्हवर सुरू झालं. संध्याकाळी सचिव आले तेव्हा ती त्यांच्या टेबलावर कागदावर ठेवली होती.

"हे काय?"

"तुमचं सामान. सगळं त्यातच आहे. शिलाई मशीनचे फोटोसुद्धा. मी पाहिलेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या हिंदीच्या मॅडमकडे. रागावतील असं वाटलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "चांगले आलेत का फोटो?" डिस्क खिशात घालून ते निघून गेले. त्या हसण्याची मला किळस आली. पाल काढतानाही तशी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांची मंडळी पत्त्यांसकट दुसरीकडे बसू लागली. आम्ही फिनाइलने खोली धुतली. वर्षभर मुली त्या यंत्रावर शिकल्या, आधी इंग्रजी अक्षरं, मग मी मराठी फाँट आणल्यावर स्वतःची नावं. पेनड्राइव्ह लावणं, कळ दाबणं, सगळं त्याच करायच्या.

वर्ष संपल्यावर माझं कंत्राट वाढवलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे हिंदीच्या मॅडमचा फोन आला. शाळेला नवा कॉम्प्युटर मिळाला होता. सचिवांच्या हस्ते उद्घाटन झालं, मुलींना त्यांच्या मागे ओळीने उभं केलं आणि फोटो काढले.

"मग मुली शिकतात ना त्यावर?" मी विचारलं.

"नाही जी. तो सचिवांनी घरी नेला," त्या म्हणाल्या. "आमी जुन्यावरच करून राहिलो."