बाय आणि बांय

सत्त्याऐंशीच्या शेवटाला माझी पोस्टिंग श्रीलंकेला झाली. आपली शांतिसेना तिथे लढायला गेली होती, हे आज आमच्या वेसाव्यात कुणाला सांगितलं तर, "कारगिल काय गं मावशी?" असं विचारतात. कारगिल नाही रे बाबा. समुद्रापलीकडे. मी मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट, वय चोवीस. हॉस्पिटल एका शाळेत होतं. वर्गात खाटा, फळ्यावर पेशंटची यादी. ०५३० ला उठायचं, ०६०० ला वॉर्ड, मग दिवस कधी संपला ते कळायचं नाही.

आमच्यापासून आठ किलोमीटरवर कोकणातल्या पोरांची एक कंपनी होती. वायरलेस सेटवर हिंदी-इंग्रजी बोललं की पलीकडच्या बंडखोरांना कळायचं. म्हणून त्या कंपनीचा सिग्नलवाला, वेंगुर्ल्याचा नाईक दत्ताराम, सरळ मालवणीत बोलायला लागला. पण हॉस्पिटलात ते समजणार कोणाला? कर्नलसाहेब वॉर्डात आले.

"सिस्टर, आप बंबई से हो. ये कोंकण वाली भाषा आती है?"

"येस सर."

मी कोळ्याची मुलगी. समुद्र एक, मासे एक, भाषा अशी कितीशी वेगळी असणार? खरं म्हणजे शेजारच्या मालवणी बायकांकडून ऐकलेलं तेवढंच मला येत होतं. पण येस सर म्हणून मोकळी झाले.

रोज ०९०० आणि १६०० ला मी सेटवर. पेशंटसाठी आम्ही माशांची नावं ठेवली. स्ट्रेचरवरचा तो सुरमई, चालत येणारा बांगडा, तापाने गळालेला बोंबील.

"आज चार बोंबील. ओव्हर."

"चारच? बाजार उठला काय रे दादा? ओव्हर."

"तुमच्या वेसाव्यासारखे पाणचट नाय हत. ओव्हर."

"आमच्या बोंबलाला नावं ठेवलीस तर कडू गोळ्या दुप्पट पाठवीन. ओव्हर."

"गोळ्ये कडूच असतत गो बाय. ओव्हर."

मी ऑफिसर, तो नाईक. समोरासमोर असतो तर त्याने सॅल्यूट मारला असता. सेटवर तो मला बाय म्हणायचा, मी त्याला दादा. तीन महिने असे गेले. आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं.

मार्चमधली एक दुपार. १४२० ला, वेळ नसताना, सेट वाजला.

"सुरमय तीन. बांगडे दोन. तीनातली एक सुरमय मी."

"खंय ठेवलंस? ओव्हर."

"माडांच्या बागेत. बायकडे. बेगीन येवा."

पुढे आवाज नाही. मी दोनदा बोलावलं. त्याचा सेट बंद पडला होता.

"लोकेशन?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"कंपनीजवळची नारळाची बाग, सर. एका बाईच्या घरी ठेवलंय. लोकल लेडी."

१४३५ ला ॲम्ब्युलन्स आणि एस्कॉर्ट निघाला. १५०० ला पोचला. बागेत चार घरं, चारही बंद. बंद दार ढकलायचं तर आत सुरुंग लावलेला असू शकतो. म्हणून एकेक घर तपासत, सावकाश.

एस्कॉर्टमध्ये मालवणी कुणालाच येत नव्हती, सेटवर हिंदीतच आलं, "यहाँ कोई लेडी नहीं है. घर खाली हैं. ओव्हर."

कर्नलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "असणार सर. त्याने स्पष्ट सांगितलंय." एस्कॉर्टचे जवान परत पहिल्या घरापासून शोधायला लागले.

१५४० ला एका जवानाला बागेच्या पार टोकाला, घरांपासून लांब, विहिरीच्या कठड्यामागे बूट दिसले. पाचही जण तिथेच होते.

१६१५ ला ते आमच्याकडे आले. दत्तारामला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बुटका, रुंद खांद्यांचा, केस विरळ व्हायला लागलेले. आवाजावरून मला तो उंच वाटला होता. मांडीतली शीर तुटलेली. वरून पट्टा आवळलेला, त्याचा त्यानेच. नाडी हाताला लागत नव्हती. १६३२ ला तो गेला. बाकीचे चार वाचले.

सर्जन मेजर हात धूत होते. मी विचारलं, "सर, आधा घंटा पहले आता तो?"

त्यांनी नळ बंद केला. "शायद."

संध्याकाळी ड्रेसिंग करताना त्या चौघांतला शिपाई गुणाजी म्हणाला, "सिस्टर, इतको येळ खंय लागलो? दादान सांगितल्यान होता ना, बांयकडे म्हणान?"

"बाईकडे म्हणाला, म्हणून तर घरं शोधत बसले."

"बाई खंयची? बांय. पाणी काढतत ती."

आम्ही कोळी विहिरीला बाव म्हणतो. बाय म्हणजे बाई, बहीण, आईसुद्धा. वेंगुर्ल्याकडे विहीर म्हणजे बांय. मध्ये एक अनुस्वार, आणि तो सेटवर ऐकू येत नाही. मालवणी माणसाने तरी तो मनात भरून घेतला असता. मी घेतला नाही.

मी कर्नलसाहेबांना जाऊन सांगितलं. ते रिपोर्ट लिहीत होते. रिसेप्शन पुअर, असं लिहिलेलं.

"सर, रिसेप्शन ठीक होतं. चूक माझी आहे."

"सिस्टर, वॉर्ड में कितने पेशंट हैं?"

"एकेचाळीस, सर."

"तो जाइए."

मी गेले.

त्यानंतर वीस वर्षं नोकरी केली. एकदोनदा त्याच्या घरी पत्र लिहायला घेतलं, फाडलं. गुणाजी आता मुलुंडला मुलाकडे असतो. गेल्या वर्षी त्याच्याकडून कळलं, दत्तारामची बायको सुलोचनावहिनी नाहूरला मुलीकडे राहतात. मी त्यांच्याकडे गेले. सगळं सांगितलं, वेळांसकट. चूक माझी, हेही सांगितलं.

ऐकून झाल्यावर वहिनी उठल्या, चहा टाकला, कप माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "तेंका जीव लावलास म्हणान इतक्या वर्षांनी इलंस. रागावान काय करू? पण एक सांग. त्या दिवशी ते जेवलेले काय?"

नाडी, रक्तदाब, किती बाटल्या रक्त दिलं, सगळं मला पाठ होतं. हे माहीत नव्हतं. मी तिथूनच गुणाजीला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"जेवले ना वैनी," गुणाजी म्हणाला. "सकाळी पेज खाल्ली. माझ्या घरसून लोणच्याची बरणी इल्ली होती. मेल्या, तुझ्या आवशीन मीठ चढ घातल्यान, म्हणत म्हणत अर्धी बरणी तेंनीच संपवल्यानी."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मग बराच वेळ पदर खाली आला नाही.

"मगे बरां," त्या म्हणाल्या. "उपाशी नाय गेले."

नाईक दत्ताराम, वय एकोणतीस, वेंगुर्ल्याचा. सकाळी पेज जेवला होता. वॉर्डाच्या रजिस्टरात ही नोंद नाही, म्हणून इथे लिहिली.