केमिकलच्या घरचं चीज

मित्र त्याला केमिकल म्हणत आणि तो ते मानाचं नाव समजून मिरवत असे. आपण केमिकल कंपनीत ऑफिसर आहोत, असं त्याने सव्वीस वर्षांपूर्वी ठोकून दिलं होतं. प्रत्यक्षात तो बाटल्यांना लेबलं चिकटवायची खळ करायचा. दूध नासवायचं, चोथा धुवायचा, चुन्याचं पाणी घालून मंद आचेवर घोटत बसायचं. मग वास जाईपर्यंत अंगाला साबण चोळायचा आणि मगच मित्रांना भेटायचं. त्यांना घरी मात्र कधी बोलावलं नव्हतं, कारण दारामागे कारखान्याचा निळा डगला टांगलेला असे.

यंदा बायकोने हट्टच धरला. एकदा तरी आपल्या घरात माणसं येऊ देत, म्हणाली. कुठल्याशा मासिकात तिने वाचलं होतं, मध्ये छोट्या शेगडीवर वितळलेल्या चीजचं भांडं ठेवायचं, भोवती सगळ्यांनी बसायचं आणि लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून त्यात बुडवायचा. हा बोळक्या तोंडांचा बेत आहे, असं म्हणून त्याने नाक मुरडलं आणि डगला कपाटात कोंबला.

दोघंच यायचे होते. दातांचा डॉक्टर आला तो घरून स्वतःचा काटा घेऊन. दुसऱ्याच्या घरच्या स्वच्छतेवर त्याचा विश्वास नसावा. कंत्राटदाराने खुर्चीत बसण्याआधीच भिंतीवर टकटक केलं आणि प्लास्टर पोकळ असल्याचं जाहीर केलं. स्वतः बांधलेल्या छपरांखाली लोकांना बादल्या ठेवाव्या लागतात, हे तो विसरला असावा. असल्या दोन दीडशहाण्यांना आपण इतकी वर्षं उल्लू बनवतोय, या विचाराने केमिकलला आतून गुदगुल्या होत होत्या.

गप्पांच्या नादात आच मोठी राहिली आणि चीज फाटलं. वर तेलाचा तवंग, खाली रबरासारखा गोळा. डॉक्टरने काटा घातला तर सगळा गोळाच वर आला. हरकत नाही वहिनी, नुसता पावही छान लागतोय, असं तो म्हणाला. दात उपटल्यावर पेशंटशी बोलावं तसं. बायको हसली, पण कुणाकडे न बघता भांडं उचलायला पुढे झाली. पुन्हा ती कधी कुणाला बोलावणार नाही, हे केमिकलला कळून चुकलं.

असले गोळे त्याने हजार वेळा सोडवले होते. पण हे कुठे शिकलास, असं विचारलं तर काय सांगायचं?

राहू दे ते, असं त्याने बायकोला सांगितलं आणि बाह्या वर सारल्या. आच अगदी बारीक केली, लिंबू पिळलं, चमचाभर कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून ओतलं आणि घोटायला लागला, खांद्यापासून, एका लयीत. दहा मिनिटं हात थांबला नाही. तवंग जिरला, गोळा सैल झाला आणि चीज चमच्यावरून सरळ धारेने पडू लागलं.

"खळ करतो मी," भांड्यात बघतच तो म्हणाला. "बाटल्यांच्या लेबलांची. सव्वीस वर्षं. तीही दुधाचीच असते."

कंत्राटदाराने पावाचा तुकडा काट्याला टोचला.

"माहीत आहे रे. तुमच्या शेडचं छप्पर माझंच. दुरुस्तीला यायचो तेव्हा तू दिसलास की मागच्या दाराने सटकायचो. म्हटलं, उगाच ओशाळशील."

"ऑफिसर असतास तर साहेब म्हटलं असतं, केमिकल कशाला?" डॉक्टर म्हणाला.

केमिकलचा हात थांबला.

"अहो, थांबू नका," बायको म्हणाली. "परत गोळा होईल."