सिस्टरच्या कपाटाची दारं

"बाई, पाहा बरं, आज मी कशी दिसून राह्यली?"

रोज सकाळी हा प्रश्न कुंपणाच्या भिंतीवरून माझ्या अंगणात येऊन पडायचा. मी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे त्या वेळी हातात पुस्तक तरी असे नाहीतर वह्यांचा गठ्ठा. भिंतीपलीकडे शेजारच्या सिस्टर एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्या हाताने पदर पसरून उभ्या असत. मी "छान" म्हणे. त्यावर त्यांचं समाधान होत नसे.

"छान तं काल बी म्हनलं होतं. मराठी शिकवता ना तुमी? मंग दुसरा शब्द काढा!"

आमच्या नेरमध्ये त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सरकारी दवाखान्यात त्यांची उमेदीची वर्षं नर्सच्या पांढऱ्या साडीत गेली. नवरा लवकर गेला, त्यामुळे ड्यूटी संपवून घरी आल्यावरही त्यांच्या अंगावर पांढरंच बरं, असं सगळ्या आळीचं मत होतं. सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी पांढऱ्या साड्यांची फरशी पुसायची फडकी केली आणि रंगीत साड्या घ्यायला सुरुवात केली. केशरी, मोरपंखी, वांगी, कैरी. पुण्याला राहणाऱ्या मुलाने मग आईसाठी भिंतभर कपाट करून दिलं. दारं त्याने कुठल्याशा चित्रात पाहिली होती तशी, घडीची. ओढली की प्रत्येक दार मधोमध दुमडून बाजूला जायचं. आळीतल्या बाया नुसती ती दारं पाहायला येऊन गेल्या.

ते कापसाचे भाव पडल्याचे दिवस होते. आठवडी बाजाराला खेड्यांवरून येणाऱ्या बाया सिस्टरांच्या ओट्यावर टेकायच्या. कुणाचं बीपी बघ, कुणाच्या पोराचा खोकला ऐक, असं चाले. काहींच्या घरचा कर्ता माणूस त्या वर्षांत कर्जापायी गेलेला. त्यांच्यापुढे आम्ही बाकीचे दबक्या आवाजात बोलायचो. सिस्टर तसं कधी बोलल्या नाहीत. विटकं लुगडं नेसून मान खाली घालून बसलेल्या एकीला त्यांनी कपाटातली लाल काठाची साडी काढून दिली. ती घेईना.

"काहून? नवरा गेला तुया," सिस्टर म्हणाल्या, "डोळे तं नाही गेले ना? घे."

एका पावसाळ्याच्या अखेरीस सिस्टरांना लकवा मारला. जीभ वाचली, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण डावा हात कुशीला लटकून राहिला. मुलगा आला, औषधपाणी केलं, आणि जाताना नेसायचा त्रास नको म्हणून गाऊन आणून ठेवले. फुलाफुलांचे. डोक्यातून घातले की झालं.

भिंतीवरून येणारा प्रश्न बंद झाला.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "मी येऊन नेसवून देत जाईन." सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांचं थर्मामीटर फोडलं होतं.

"नेसवायले मी का बाहुली आहो?"

अडचण पहिल्यांदा कपाटापाशीच होती. घडीची दारं दोन हात मागतात. एकाने मूठ ओढायची, दुसऱ्याने दुमडीवर दाबायचं. एकाच हाताने ओढलं की दार अर्ध्यात तिरकं होऊन खालच्या खाचेतून निसटायचं. मुलाने हे पाहिलं होतं. फोनवर तो म्हणाला, आणि मी शेजारी बसून ऐकत होते, "आई, दिवाळीला गाडी घेऊन येतो, पुण्यालाच चल. स्वतःचं कपाट उघडता येत नाही तुला. एकटी कशी राहशील?"

"आन् उघडता आलं तं?"

"उघडून दाखव. साडी नेसून समोर उभी राहा. मग परत विषय काढणार नाही."

फोन ठेवून सिस्टर म्हणाल्या, "बाई, मिस्त्री चाचाले बोलवा."

चाचा म्हणजे आमच्या भागातले जुने सुतार. आमची निम्मी दारं-खिडक्या त्यांच्या हातच्या. सिस्टरांनी त्यांना बेत सांगितला: दुमडीला पट्ट्या ठोकून दोन्ही फळ्या एकसंध करायच्या, कडेला बिजागऱ्या लावायच्या, म्हणजे साधी बाहेर उघडणारी दारं होतील. चाचांनी खोली पाहिली.

"सिस्टर, दिवान आडवा येते."

"मिस्त्री कोन हाय, तुमी का मी?"

"मी."

"हाव ना? मंग मी सांगते तसं करा."

चाचांनी तसंच केलं. काम देखणं झालं. सिस्टरांनी मूठ धरून दार ओढलं आणि ते धाडकन दिवाणावर आपटलं. फटीतून हात आत जात होता, साडी बाहेर येत नव्हती. दिवाण हलवायला खोलीत दुसरी जागा नव्हती. चाचा आढ्याकडे पाहू लागले.

"हसा, चाचा, हसा," सिस्टर म्हणाल्या. "पोटात ठेवू नका, गॅस होते."

पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दिवाळी जवळ येत होती.

बाजाराच्या दिवशी ओट्यावर हीच कहाणी निघाली. तेव्हा ती लाल काठाची साडी नेलेली बाई म्हणाली, "सिस्टर, दार उघडाचंच कायले? सरकवा. आमच्या जिनिंगचा दरवाजा नव्हता का? वरून चाकावर लटकत होता. डोक्यावर रुईचं टोपलं, काखेत पोरगं, खांद्यानं ढकलत होती मी."

कापसातली सरकी काढायची ती जिनिंग त्याच साली बंद पडली होती. यंत्रं गेली होती, लोखंड भंगारवाल्याकडे पडलं होतं. चाचा दुसऱ्याच दिवशी दोन रूळ आणि छोट्या फाटकाची चाकं घेऊन आले. चाकांच्या वंगणात अजून रुईचे धागे चिकटलेले होते. त्यांनी दारांच्या बिजागऱ्या काढल्या, कपाटाच्या माथ्यावर मागेपुढे दोन्ही रूळ ठोकले आणि दोन्ही दारं वरून टांगली. सिस्टरांनी एक बोट लावलं. दार गडगडत दुसऱ्या दारामागे गेलं. दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. मग त्या काठी टेकून नुसत्या इकडून तिकडे दार सरकवत राहिल्या, आणि चाचा आणि मी आमची कामं विसरून पाहत राहिलो.

तेवढ्यात एका साडीचं टोक दारात अडकलं. चाचा धावले.

"थांबा! सोडवू नका!" सिस्टर ओरडल्या. त्यांनी साडीचं दुसरं टोक धरून ओढलं. जड दार चौकटीवर घट्ट बसलं होतं, साडी सुटेना. सिस्टरांचे डोळे चमकले. "चाचा, हा तं माझा डावा हात झाला."

चाचांनी चौकटीच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावली, म्हणजे कापड घट्ट बसेल आणि फाटणार नाही. मग तालीम सुरू झाली. साडीचं एक टोक दाराने धरायचं, आणि उजव्या हाताने एकेक निरी घालत आपण दाराकडे सरकायचं. मी बाहेरच्या खोलीत पाठ फिरवून बसायचे.

"तुमी वाचा, बाई. इकडे पाहू नका."

मी पानं उलटायचे. आतून चाकांची गडगड यायची, निऱ्या सुटायच्या आणि दवाखान्यात ऐकून साठवलेल्या तमाम शिव्या एकामागून एक बाहेर पडायच्या. त्या दिवसांत मी वाचलेल्यातलं काही मला आठवत नाही.

दिवाळीला मुलगा आला. गाडी दारात उभी राहिली आणि आळीतल्या सगळ्या बायांना एकाच वेळी अंगण झाडायचं सुचलं. सिस्टर त्याला बाहेर बसवून आत गेल्या. दार सरकलं. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. तो उठू लागला.

"बसा," मी म्हटलं. माझा आवाज वर्गात निघतो तसा निघाला असावा. तो बसला.

काठीचा आवाज आधी आला, मग सिस्टर. झेंडूच्या रंगाची साडी, पदर खांद्यावर पिनेने लावलेला. मुलगा पाहत राहिला.

"आई, निऱ्या एका बाजूने वर झाल्यात."

"तुया बापाची मिशी बी एका बाजूनं वरच होती. शोभत होती."

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने तोंड फिरवलं. सिस्टर म्हणाल्या, "जाताना ते गाऊन घेऊन जा. तुया बायकोले दे." अंगणातल्या बायांनी झाडू टाकून टाळ्या वाजवल्या. चाचा कोपऱ्यावर उभे होते. त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे उचलले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून प्रश्न आला. मी म्हटलं, "झळझळीत."

"आता शिकल्या," सिस्टर म्हणाल्या.

त्यानंतर त्या पुष्कळ वर्षं त्याच घरात राहिल्या. एका हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी सकाळी, मी त्यांना ओट्यावरच्या खुर्चीत बसलेलं पाहिलं. जवळ जाईपर्यंत मला कळलं नाही. नेसून झालं होतं, पदराला पीन लावलेली होती, बाया यायची वेळ व्हायची होती.

संध्याकाळपर्यंत मुलगा आला. नात्यातली एक म्हातारी पांढरं लुगडं घेऊन पुढे झाली आणि म्हणाली, रीत आहे, हे नेसवा. मुलाने तिचे हात धरले.

"नको, काकू. ही आईने सकाळी स्वतः नेसलीय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

आळीतून नेताना वरच्या पांढऱ्या कापडाखालून जांभळा काठ दिसत होता. बाजारातून पिशव्या घेऊन परतणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. कुणी निळ्या साडीत होती, कुणी पिवळ्या.