पाचव्या कोचच्या घरचं भांडं

नडीन प्रूइटला फुटबॉलचा राग नव्हता. राग होता तो फुटबॉल बघणाऱ्यांचा, आणि त्यातला एक गेली एकतीस वर्षं तिच्याच पलंगावर, डाव्या बाजूला घोरत होता.

अलाबामातल्या कॉटर्स बेंड गावात दोन धर्म पाळतात. एक रविवारचा, चर्चमधला. दुसरा शनिवारचा, ओकाली स्टेट कॉलेजच्या मैदानावरचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा. रविवारी प्रवचनात डुलकी लागली तर कुणी काही म्हणत नाही, पण शनिवारी सामना अर्धवट टाकून उठलेल्या माणसाशी लोक महिनाभर नीट बोलत नाहीत. कॉलेजच्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे आपले बगळे. आणि सात वर्षं झाली, हे बगळे समोरच्याला गुण वाटत सुटले होते. मोठा कोच गावातल्या बड्या लोकांचा गोल्फमधला जोडीदार, त्याला कोण हात लावणार? मग दर वेळी कुऱ्हाड पडायची बचाव सांभाळणाऱ्या दुय्यम कोचवर. सात वर्षांत चार गेले. पाचवा आला, त्याचं नाव डॅरिन ओक्स.

तो यायच्या आधीपासूनच नडीनच्या डोक्याला ताप. डिसेंबरात तिचा नवरा हॉलिस आणि त्याचे चार सवंगडी गावाबाहेरच्या छोट्या विमानतळाच्या कुंपणाशी खुर्च्या टाकून बसले. थर्मासात कॉफी, पिशवीत उकडलेल्या शेंगा, आणि कुठलं विमान उतरतंय, त्यातून नवा कोच म्हणून कोण बाहेर पडतंय यावर डोळा. घरातला नळ तीन आठवडे गळत होता, तिकडे मात्र या गृहस्थाचं लक्ष नाही. ओक्सचं नाव जाहीर झालं त्या सकाळी बिस्किटांच्या, म्हणजे तिकडच्या न्याहारीच्या गरम पावांच्या, हॉटेलात दहा वाजायच्या आत यांनी पुढच्या वर्षीची ट्रॉफीसुद्धा जिंकून टाकली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! तो बिचारा कोच वसंतात चाहत्यांनी दिलेल्या जेवणाला उभा राहून एवढंच म्हणाला होता, की आधी मुलांना नीट टॅकल करायला, समोरच्याला धरून पाडायला शिकवतो, बाकीचं मग बघू. ‘बाकीचं मग बघू’ म्हणजे काय, यावर हॉलिस आठवडाभर बोलत होता. त्याच्या मते त्याचा अर्थ एकच, ट्रॉफी.

नडीनचं घराच्या कडेलाच पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक हेअर ड्रायर, आणि भिंतीवरचा फोन. नव्या कोचची बायको गावात आली की आधी चर्चला आणि मग नडीनकडे यायची, आणि त्याआधी नडीन तिच्या दारात जाऊन यायची. झाकणाच्या काचेच्या भांड्यात पाउंड केक, भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर ‘प्रूइट’. तिकडची रीत अशी, की आलेलं भांडं कधी रिकामं परत करायचं नाही. त्यात काहीतरी घालूनच पाठवायचं, अगदी चार टोमॅटो का असेनात. नडीनने चार कोचच्या चार बायकांना केक नेला होता. चौघींशी जीव जडला आणि चौघीही गेल्या. तिसरी तर इतक्या घाईने गेली, की भांडंही टेक्सासला गेलं.

आणि या चौघींच्या अंगणात ‘विकणे आहे’ असा पुठ्ठ्याचा बोर्ड कुणी रोवला? हॉलिसने. संघ हरला की कोचच्या अंगणात असा बोर्ड लावायचा, म्हणजे त्याने काय ते समजावं, ही तिथल्या लोकांची मर्दुमकी. एका हाताने बायको केक देते आणि दुसऱ्या हाताने नवरा बोर्ड रोवतो. नडीनने कपाळावर हात तरी किती वेळा मारायचा!

पाचवी आली ती शॉना ओक्स. एक्केचाळीस वर्षांची, दोन मुलींची आई, हसली की डोळे मिटणारी. चौथ्या दिवशी तिने भांडं परत आणलं, त्यात पिकनच्या, म्हणजे तिकडच्या अक्रोडाच्या वड्या होत्या. नडीनने त्यात बटाट्याचं सॅलड भरून धाडलं, ते मिरच्यांचं लोणचं घेऊन परत आलं. तेव्हापासून ते भांडं दोन घरांत जे येरझाऱ्या घालू लागलं ते थांबलंच नाही. दर गुरुवारी तीन वाजता शॉना खुर्चीत बसायची. केस धुऊन, कापून व्हायला अर्धा तास पुरे, पण ती साडेचारला उठायची. नडीनची स्वतःची बहीण अटलांटाला, वर्षातून दोनदा फोन. या वयात नवी मैत्रीण मिळेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि मिळाली तेव्हा तिला त्याची भीतीच वाटायला लागली.

एका गुरुवारी शॉना बोलून गेली, की चौदा वर्षांत अकरा घरं झाली, आता ती भिंतीवर चित्रंच लावत नाही. खिळे ठोकायचे आणि घर सोडताना भोकं बुजवायला आपणच लांबी भरायची, कुणी सांगितलंय? नडीन म्हणाली, या घरात लाव गं, काही होत नाही. सप्टेंबरात शॉना तिच्याकडून हातोडी घेऊन गेली, आणि मग एकेक करून सगळी चित्रं लागली. त्याच संध्याकाळी नडीनने हॉलिसला बायबलवर हात ठेवायला लावला. यंदा बोर्ड नाही. हॉलिसने हात ठेवला. तेव्हा बगळे दोन सामने जिंकलेले होते, हात ठेवायला त्याचं काय जात होतं?

नव्याचे नऊ दिवस सरले. बगळे सलग तीन सामने हरले. तिसऱ्यात एकोणपन्नास गुण दिले, आणि तेही घरच्या मैदानावर. समोरच्यांना एका प्रयत्नात एकोणीस यार्ड पुढे सरकायचं होतं, ते चालत चालत सरकले. स्वतःच्या घराच्या तीन पायऱ्या चढताना ज्याला धाप लागते तो हॉलिस गाडीत बसून पूर्ण रस्ताभर म्हणत होता, की या पोरांना पळता येत नाही आणि या कोचला शिकवता येत नाही. घरी आल्यावर त्याने रेडिओच्या कार्यक्रमाला फोन लावला. तेवीस मिनिटं रांगेत थांबला आणि तोंडसुख घेतलं. नडीनला वाटलं, चला, वाफ गेली.

रविवारी सकाळी त्याची पाठ धरली. चर्चला येत नाही म्हणाला. नडीन एकटी गेली, गायकवृंदात उभी राहिली, समोर तिसऱ्या रांगेत शॉना आणि मुली. कोच नव्हता, तो रविवारीही कामावर. घरी आल्यावर हॉलिसची पाठ एकदम ठणठणीत. तिला तेव्हाच कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

सोमवारी अकराच्या सुमाराला पार्लरचा फोन वाजला. एक माणूस विचारत होता, लॉरेल स्ट्रीटवरच्या विटांच्या घराला बेडरूम किती. नडीनने राँग नंबर म्हणून फोन ठेवला. पाचच मिनिटांनी पुन्हा वाजला.

“नडीनचं पार्लर, बोला.”

 तिकडे थोरल्या बाईला आदराने म्हणतात तसा आवाज आला, “मिस नडीन?”

“हो गं शॉना. बोल ना.”

“बोर्डावर तुमचा नंबर आहे.”

“कसला बोर्ड?”

“आमच्या अंगणातला. काल चर्चमधून आलो तर लागलेला होता. मी म्हटलं निदान विचारावं तरी, किंमत किती लावलीय. जायचंच असेल तर कळू दे.”

बोर्ड कुठला ते नडीनला लगेच कळलं. सासूबाई वारल्या तेव्हा त्यांचं घर विकायला हॉलिसने पत्र्याचा चांगला बोर्ड करून घेतला होता, लोखंडी पायांचा. त्याला कामावर फोन ऐकू येत नाही, म्हणून खाली पार्लरचा नंबर टाकलेला. आठ वर्षं तो गॅरेजमध्ये पडून होता. पुठ्ठा पावसात भिजतो म्हणून या शहाण्याने यंदा पक्का बोर्ड काढला, आणि खालचा नंबर काही त्याच्या डोळ्यांना दिसला नाही.

“शॉना, मी आत्ता येते,” ती म्हणाली.

“नको. काल मुलींनी बघितलाच, आज शाळेतून यायच्या आत मला तो उपटायचाय.” आणि फोन ठेवला गेला.

नडीन खुर्चीतल्या बाईला ओल्या केसांनी तशीच सोडून गाडी घेऊन गेली. बोर्ड निघालेला होता. हिरवळीत दोन भोकं होती. तिने बेल दाबली, दार ठोठावलं, आत कुत्रा भुंकला, पण दार उघडलं नाही.

संध्याकाळी हॉलिसला तिने उभं केलं. त्याचा चेहरा पडला खरा, पण कशासाठी, तर नंबरासाठी. “नंबर राहिला होय? अरे देवा. बघितलंच नाही मी.”

“बायबलवर हात ठेवला होतास.”

“सगळेच लावतात गं. आणि तो काही फुकट नाही काम करत. ऐकून घ्यायचाच पगार मिळतो त्याला.”

“आणि ती?” नडीनने विचारलं. “तिला कशाचा पगार मिळतो?”

“ती कोण?” हॉलिस म्हणाला.

 नडीनने त्याला फ्रीजमधलं गार जेवण दाखवलं आणि आत गेली.

गुरुवारी तीन वाजता खुर्ची रिकामी राहिली. साडेतीनला नडीन कचरा टाकायला बाहेर आली तर पायरीवर भांडं. स्वच्छ धुतलेलं, पुसलेलं, झाकण नीट लावलेलं, बुडाची चिकटपट्टीही जागच्या जागी. आत काही नव्हतं. टोमॅटो नाहीत, वडी नाही, साधा चिठ्ठीचा कागदही नाही. नडीन पायरीवरच बसली आणि रडली.

आणि शनिवारी काय झालं? बगळे जिंकले. समोरच्यांना फक्त सहा गुण दिले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, पण हॉलिसला कोण सांगणार! बोर्ड लागला आणि पोरं जागी झाली, असं तो बिस्किटांच्या हॉटेलात चार टेबलांना सांगून आला. ओक्स म्हणजे आपला माणूस, पहिल्यापासून मी म्हणतच होतो, हेही सांगून आला. रविवारी जेवताना म्हणाला, “तुझा तो केक कर ना. मी स्वतः नेऊन देतो. अभिनंदन करायला हवं त्याचं.”

नडीनने उठून ते भांडं त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. “गुरुवारी हे असं परत आलं.”

हॉलिसने झाकण उचललं. कॉटर्स बेंडला जन्मलेला माणूस तो, त्याला समजावायची गरज नव्हती. त्याची आई एका रिकाम्या वाडग्यापायी सख्ख्या बहिणीशी नऊ वर्षं बोलली नव्हती.

“काहीच नव्हतं यात?” त्याने विचारलं.

“काहीच नाही.”

त्याने झाकण परत लावलं आणि ताट बाजूला सारलं.  मग तिने केक केला, पण त्याला बजावलं, की तू एकट्याने जायचं, आणि बोर्ड मी लावला हे तुझ्या तोंडाने सांगायचं. तो गेला. पाऊण तासाने परत आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“सांगितलं मी,” तो म्हणाला. “केक घेतला तिने. थँक यू मिस्टर प्रूइट म्हणाली. घर छान ठेवलंय गं, पण भिंतींवर काही नाही, नुसते खिळे. एवढे जिंकलो आपण, मग...” त्याला पुढे सुचेना. त्याने खिशातून हातोडी काढली. “ही तुझी आहे म्हणाली. आता लागणार नाही म्हणाली.”

नडीनने हातोडी घेतली आणि खणात ठेवली. 

गुरुवारी दुपारी बँकेतल्या बाईचा फोन आला, तिला आजच केस कापून हवे होते, तीन वाजता जमेल का.

“तीनची वेळ दिलेली आहे,” नडीन म्हणाली. फोन ठेवला, खुर्चीवर धुतलेला टॉवेल घातला आणि दाराकडे बघत साडेचारपर्यंत बसून राहिली.