फोर्कलिफ्ट चालवायला शिकणे

चाकणच्या ज्या कंपनीत मी अकरा वर्षं काढली, तिथे गाड्यांचे दिवे बनत. माझं काम तपासणीचं. तयार दिवा उचलायचा, उजेडासमोर धरून कुठे ओरखडा आहे का बघायचं आणि खोक्यात ठेवायचा. शिफ्टभर उभं राहून एवढंच.

दरवर्षी मार्चमध्ये आम्हाला एक फॉर्म मिळायचा. त्यात शेवटचा रकाना होता, ‘पुढील वर्षाचे वैयक्तिक उद्दिष्ट’. तिथे काय लिहायचं ते सुपरवायझर फळ्यावर लिहून द्यायचे आणि आम्ही बायका शाळेतल्या पोरींसारख्या उतरवून घ्यायचो. ‘शून्य दोष व शंभर टक्के हजेरी.’ आठ वर्षं मी तेच उतरवलं. माझं वैयक्तिक ते दुसऱ्याने ठरवावं, यात मला काही खटकलंही नाही.

नवव्या वर्षी मी तिथे लिहिलं, ‘फोर्कलिफ्ट चालवायला शिकणे’.

माझं टेबल माल बाहेर जायच्या शटरजवळ होतं. समोरून दिवसभर फोर्कलिफ्टची ये-जा. जो माल आम्हा चौघींना तसूभर हलला नसता, तो ती दोन लोखंडी दातांवर अलगद उचलायची आणि ट्रकात ठेवून परत यायची. खरं सांगायचं तर पहिला मोह त्या सीटचा होता. चालवणारा बसलेला असायचा आणि माझ्या पोटऱ्या दुपारपासून ठणकत असायच्या. पण रोज बघून बघून मला त्यातलं कळायला लागलं. कुठे तो घाई करतो, कुठे वळण चुकतं, माल खाली घेऊन का चालवायचं. एकदा मी त्याला म्हणाले, “भाऊ, आज मागची बाजू रॅकला लागणार होती.”

तो हसून म्हणाला, “मग ताई, तुम्हीच चालवा उद्यापासून.”

त्याने गंमत केली होती. मला मात्र ती दिवसभर पुरली. का नको, एवढंच डोक्यात फिरत होतं.

फॉर्म बघून सुपरवायझरने मला बोलावलं. “हे काय लिहिलंय?”

“उद्दिष्ट.”

“अहो, तुमच्या कामाशी संबंध पाहिजे ना. खोडा, आणि फळ्यावरचं लिहा.”

“वैयक्तिक असं छापलंय, सर.”

“वर गेलं तर मला विचारतील.”

“मग सांगा, बाईने ऐकलं नाही.”

माझ्याच तोंडून ते निघालं यावर माझा विश्वास बसेना. कानशिलं तापली होती. त्यांनी माझा फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला आणि मी टेबलाशी परत आले.

मग महिनाभर कॅन्टीनमध्ये माझं नाव ‘ड्रायव्हर’ पडलं. माझ्या शेजारच्या टेबलावर महाळुंग्याची एक बाई होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिच्या घरच्यांच्या शेतावर आता कंपन्यांच्या भिंती उभ्या आहेत. ती एकटी हसली नाही. “आमी बैलगाडी हाकली, नांगूर धरला, तवा कुणी फारम भरून घेतला न्हाई,” ती डबा उघडत म्हणाली. “तू जा. हसणारं हसून थकत्यात.”

“तुम्ही येता का?”

“माझं गुडघं गेलं बाई. पर तू मागं फिरू नगंस.”

आम्ही लातूरकडचे. लग्नानंतर भोसरीत आलो ते अजून तिथेच, एक खोली आणि स्वयंपाकघर. नवरा एका वर्कशॉपमध्ये टर्नर. त्याला सांगितलं तेव्हा तो भांडला नाही. त्याला भीती वाटली. “काही लागलं-बिगलं तर?” म्हणाला. त्याच्या भावाने मात्र गावाहून फोन करून विचारलं, की घरात गडी माणूस असताना बाईला गाड्या हाकायची काय गरज पडली. नवऱ्याने फोन माझ्याकडे दिला. मी म्हणाले, “भाऊजी, गरज नाही पडली. मला शिकायचंय. आणि मी विचारत नाहीये, सांगतेय.”

फोन ठेवल्यावर नवरा जेवायला बसला. मग म्हणाला, “ती मागच्या चाकांवर वळते. माहिताय का तुला?”

मला माहीत नव्हतं. त्याने ताटात दोन वाट्या सरकवून मला ते समजावलं. त्याचा होकार मला असा मिळाला.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये रविवारचा वर्ग चालायचा. शिकवणारे साठीचे, निवृत्त ऑपरेटर, बोलायला कडक. आम्ही चौदा जण, बाई मी एकटी. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “ताई, कुणाला सोडायला आलात?” मी म्हणाले, शिकायला आलेय. त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. रिकामे ड्रम मांडून त्यातून वळायचं होतं आणि मागच्या बाजूने मी तीन ड्रम आडवे केले. आवाज अख्ख्या शेडमध्ये घुमला. पाठीमागे कुणीतरी म्हणालं, “हे बायकांचं काम नाही राव.” त्याच माणसाने मघाशी दोन पाडले होते, ते मात्र कुणी पुरुषांच्या खाती टाकले नाहीत. मी खाली उतरले, तिन्ही ड्रम उभे केले आणि रांगेत शेवटी जाऊन उभी राहिले. घरी गेल्यावर न्हाणीत नळ सोडून रडले, हेही सांगून टाकते.

वर्गातले सर म्हणाले होते, “तुम्ही पुढे बघून वळता आणि मागचं विसरता. नजर बदला, हात आपोआप बदलतील.” मग घरच्या फरशीवर मी खडूने रस्ते आखले. मुलीची जुनी ढकलगाडी उलटी धरून त्या रस्त्यांवरून फिरवायचे. नववीतली मुलगी कॉटवर बसून अभ्यास करता करता सांगायची, “आई, मागचं भिंतीला लागलं.” दुसऱ्या परीक्षेत एक ड्रम पडला. तिसऱ्या परीक्षेत एकही नाही. सरांनी प्रमाणपत्र देताना फक्त “हॉर्न विसरू नका” एवढं म्हटलं.

कंपनीत ते प्रमाणपत्र दाखवलं, तर सुपरवायझरने दोन्ही बाजूंनी बघितलं आणि परत दिलं. “तिकडे लेडीज ठेवत नाहीत.” त्या मार्चला मी रकान्यात ‘फोर्कलिफ्ट चालवणे’ असं लिहिलं. ‘शिकणे’ संपलं होतं. त्याच्या पुढच्या मार्चला पुन्हा तेच. त्यानंतर माझं टेबल शटरजवळून उचलून मागच्या हॉलमध्ये भिंतीसमोर लावलं. जागेची सोय, असं कारण दिलं. असेलही. मला पटलं नाही.

त्याच आठवड्यात मी महाळुंग्याच्या एका गोदामात मुलाखतीला गेले. तिथल्या मॅनेजरने कागद बाजूला ठेवले आणि म्हणाला, “चालवून दाखवा.” पट्टा लावला, हॉर्न दिला, माल उचलला, जमिनीलगत घेतला. तो समोरचं झाकत होता म्हणून रिव्हर्समध्ये निघाले, वळले आणि तिसऱ्या कप्प्यात ठेवला. मॅनेजर म्हणाला, “उद्यापासून येता?”

“पुढच्या महिन्यापासून. आधीचं काम रीतसर सोडून येते.”

अकरा वर्षांची जागा कुणी सोडतं का, असं मला निदान वीस जणांनी विचारलं. त्या सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं: हो, मी.

या कामाने मला काय दिलं, असं कुणी विचारतं तेव्हा मी फुगवून सांगत नाही. त्या सीटवर बसून आता कंबर दुखते. उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव नकोसा होतो. अजूनही एखादा ट्रकवाला माझ्याकडे बघून “ऑपरेटर कुठाय?” विचारतो, आणि मी त्याला ट्रक सरकू नये म्हणून आधी चाकाला लाकूड लावायला सांगते. पण माझं लग्न वडिलांनी ठरवलं, भोसरी नवऱ्याच्या कामाने ठरवली, दिव्यांची नोकरी शेजारणीने लावून दिली. चाळिशीला आले तोवर मी ठरवलेलं असं माझ्या आयुष्यात फारसं काही नव्हतं. हे होतं. ते चुकलं असतं, तर निदान चूक माझी असती.

सध्या मी महापालिकेच्या तलावात बायकांच्या बॅचला पोहायला जाते. आजूबाजूला सगळ्या कॉलेजच्या पोरी. नाकातोंडात पाणी जातं, त्या हसतात, मीही हसते. दिराला अजून कळलेलं नाही, कळलं तर फोन येईल. या उन्हाळ्यात कडेला धरलेला हात सोडायचा, एवढंच ठरवलंय.